न्यूमोनिया : नमुना आधी, प्रतिजैविक मागून

बारामती - ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर परिसरात तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेची थंडी, चुलीचा धूर आणि दाटीची वस्ती अशा वातावरणात मुलांच्या छातीची दुखणी बळावतात. दम लागलेल्या रुग्णाला ‘जोराचे इंजेक्शन’ द्यावे, हा नातेवाइकांचा आग्रह मग ठरलेलाच. मात्र न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतो आणि विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाही.

जिवाणू ओळखण्याचा मार्ग तसा जुनाच आहे. बेडका काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की तासाभरात अंदाज येतो. बेडक्यातील वा रक्तातील जिवाणू वाढवून त्यावर कोणते औषध लागू पडेल, हे ठरविण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्यासाठी नमुना औषधाच्या पहिल्या डोसापूर्वीच घ्यावा लागतो. अत्यवस्थ रुग्णाला अहवालासाठी ताटकळत ठेवता येत नाही. त्याला अनेक जिवाणूंवर चालणारे औषध तातडीने द्यावेच लागते. अहवाल आल्यावर ते बदलून साधे देणे किंवा थांबविणे, हे पुढचे पाऊल मात्र अनेकदा राहून जाते.

रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी नाकातील स्वॅबची तपासणी येथेच उपयोगी पडते. मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे ‘एमआरएसए’, नाकात आढळला नाही, तर न्यूमोनिया त्याच्यामुळे झाला असण्याची शक्यता फार कमी असते. मग मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे व्हॅन्कोमायसिन बहुधा बंद करता येते. याचा उलटा अर्थ काढणे मात्र चुकीचे; निरोगी माणसाच्या नाकातही हा जिवाणू असू शकतो.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. खोकला असलेल्या दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार न्यूमोनिया समजून अमॉक्सिसिलिन दिले जाते. तेथे तपासणीच्या नावाखाली विलंब परवडणारा नाही.

पुणे जिल्ह्यातच, पिंपरीत १९५४ मध्ये प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा चिंता तुटवड्याची होती. आता ती औषधे निकामी होण्याची आहे. त्यांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट ओढवल्याचा अंदाज आहे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरकरांची अडचण सुमारे ५० किलोमीटर अंतराची. बेडका दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला नाही आणि थंडही ठेवला नाही, तर त्यात भलतेच जिवाणू वाढतात. रक्ताच्या नमुन्याची कल्चर बाटली मात्र फ्रिजमध्ये ठेवायची नसते.