रोजचा एक अध्याय

बिदर जिल्ह्यात ‘वचन’ म्हटलं की ऐकणारा कोण, त्यावर अर्थ ठरतो. बसवकल्याणच्या लिंगायत घरात ते बाराव्या शतकातल्या शरणांचं असतं. भालकी-औरादकडच्या मराठी ख्रिस्ती घरात ते पवित्र शास्त्रातलं असतं. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी गाणगापूर आहे. तिथं गुरुचरित्राची पारायणं चालतात, आणि ती पोथी मराठीत रचणारे सरस्वती गंगाधर मूळचे कन्नड बोलणारे. ठरल्या वेळी बसावं, काल जिथं थांबलो तिथून पुढं वाचावं, ही शिस्त या मातीला नवी नाही. आमच्या ख्रिस्ती घरांनी तीच आपल्या ग्रंथाला लावली, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. रात्रीच्या भाकरी झाल्या की ती चुलीपाशीच बसून हाक मारायची, “वाच की रे. काल कुठं ऱ्हायलं होतं?” मी खूण शोधेपर्यंत तिनंच सांगितलेलं असायचं. रोज एक अध्याय, कमी नाही, जास्त नाही. प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत. म्हणजे एका फेरीला सव्वातीन वर्षं लागतात. मी वाचायचो आणि ती अडवायची. हे कोण म्हणालं? कुणाला म्हणालं? परत वाच. मला तेव्हा कंटाळा यायचा. अभ्यास करणारी ती होती आणि मी नुसता वाचणारा, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली.

एकदा रूथचं पुस्तक लागलं. दुष्काळामुळं बेथलेहेमातलं कुटुंब सीमेपलीकडं मवाबात जातं. तिथं घरातले पुरुष दगावतात, आणि विधवा सासू नामी परत निघते तेव्हा परदेशी सून रूथ तिच्यासोबत येते. दुसऱ्या अध्यायात ती बवाजाच्या शेतात सरवा वेचते. आजीनं जन्मभर सरवा वेचला होता, ज्वारीचा, तुरीचा. ती म्हणाली, “थांब. हे आपण आधी ऐकलंय. शेताच्या कडा कापू नका म्हणून देवानंच सांगितलं होतं.” मला आठवेना. पानं उलटत मागं गेलो तर लेवीयाचा एकोणिसावा अध्याय निघाला. कडेचं पीक कापू नये, सरवा गोळा करू नये, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा, असा नियम तिथं आहे. मध्ये सव्वाशे अध्याय होते, म्हणजे चार महिने. पेरलेली ज्वारी काढणीला यावी एवढ्या अवधीत तिनं ते वाक्य मनात जपलं होतं. बवाज दयाळू खराच, पण रूथ त्याच्या शेतात पाऊल टाकू शकली ती त्या नियमामुळं. सरवा ही भीक नाही, तो हक्क आहे. हे आजीला कुण्या पाळकानं सांगितलेलं नव्हतं.

नियमित शास्त्राभ्यासाचं मोल विचारलं की मला एवढंच सांगता येतं. एकटं वचन धीर देतं, तो मी कमी लेखत नाही. पण एका वचनाची दुसऱ्याशी गाठ पडते ती रोजच्या वाचनातच, आणि ती पडल्याशिवाय शास्त्र आपल्याला प्रश्न विचारत नाही.

या भागातली बरीच ख्रिस्ती वस्ती मेथडिस्ट. त्या नावातच पद्धत आहे. १७२९च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली आणि त्यांचे मित्र ठरल्या वेळी प्रार्थना करत, ग्रीक नवा करार मिळून वाचत. त्यांच्या या काटेकोरपणावरून लोकांनी चिडवण्यासाठी दिलेलं हे नाव पुढं त्यांनी आपलं मानलं. पुढं १७४२पासून ब्रिस्टलमध्ये बारा-बारा जणांचे वर्ग सुरू झाले आणि दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस होऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी निजामाच्या या मुलखात स्थिरावले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दलित वस्त्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं ख्रिस्ती झाली. ज्यांच्या कानावर कुठलंही शास्त्र पडू नये अशी व्यवस्था होती, त्यांच्या हाती एक अख्खा ग्रंथ आला. वाचता येणारे मोजके होते. म्हणून प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, स्तोत्रं तोंडपाठ झाली आणि बाकीचं भजनांतून उतरलं. सरकारदरबारची भाषा उर्दू, घरची कन्नड, मराठी नाहीतर तेलुगू. अशा वेळी पाठांतर हीच लोकांची वही होती.

ग्रंथ मराठीत आला त्याचा प्रवासही सीमा ओलांडतच झाला. विल्यम केरीनं १८०५ साली बंगालातल्या सेरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. बेळगावात जन्मलेल्या आणि १८५४मध्ये तिथंच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी पुढं नव्या करारावर टीका लिहिली, कारण नुसता ग्रंथ हाती देऊन भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामुळचा. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले आणि तिथंच ते छापलं. १९२२च्या एप्रिलात रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. त्याच्या एकेका पानामागं किती हात आणि किती दिवस असतील, या विचारानं मी आजही थांबतो. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२०मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा इकडच्या कितीतरी घरांत ती बातमी आपल्या माणसाची म्हणून वाचली गेली.

१९५६मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली. बिदरचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आता आमची मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. आजीचं ‘पवित्र शास्त्र’ फळीवर असतं, शाळेतल्या मित्राकडं कन्नड ‘सत्यवेद’ असतो, आणि मोबाइलवर रोज सकाळी इंग्रजी वचन येतं, मागं फुलांचं चित्र. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन त्यात सर्वांत लाडकं, देवाच्या भल्या योजनांचं. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांच्या बंदिवासाची गोष्ट आहे. ते पत्र बाबेलात नेलेल्या लोकांना आहे, आणि तिथंच घरं बांधा, बागा लावा, त्या परक्या शहराचं भलं चिंता असं त्यांना सांगितलं आहे. पुण्या-हैदराबादला बांधकामावर गेलेल्या आमच्या पोरांना खरं तर ते अख्खं पत्र हवं आहे. फुलांच्या चित्रावर ते मावत नाही.

यावर मंडळ्यांनी काय करावं? माझ्या मते रविवारच्या उपदेशावर सगळा भार टाकणं आधी सोडावं. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतो आणि फिलिप्पाला सरळ सांगतो की कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार. बिरुयातले लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत. दोन-तीन घरं, आठवड्यातली एक संध्याकाळ, समोर मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती. मी हे बसून पाहिलं आहे. एका भाषेत गुळगुळीत झालेलं वाक्य दुसऱ्या भाषेत खडबडीत लागतं आणि लगेच कुणीतरी विचारतं, असं का?

आमच्याकडं यंदा पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. मुलगी कन्नडमध्ये वाचते, मी मराठी प्रत धरून बसतो. ‘गणना’ या पुस्तकातल्या याद्यांनी ती वैतागली होती. परवा सत्ताविसावा अध्याय आला. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभ्या राहून जमिनीचा वाटा मागतात, आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. तिनं पाचही नावं पुन्हा वाचली. मग विचारलं, “पप्पा, पुढं त्यांना जमीन खरंच मिळाली का?”

“नऊ दिवस थांब,” मी म्हणालो. “छत्तिसाव्या अध्यायात त्या पुन्हा येतात.”