रूळ अरुंद, स्टेशनमास्तर तेवढाच

नॅरोगेजचं मॉडेल म्हणजे इतरांपेक्षा छोटं मॉडेल, हा सगळ्यात चिवट गैरसमज. खरी वस्तू किती पटींनी लहान करायची, ते स्केल ठरवतं; गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ स्केलमध्ये सगळं ८७ पटींनी लहान होतं. साडेपाच फुटी स्टेशनमास्तर जेमतेम २ सेंटीमीटरचा होतो, मग तो मुंबईच्या ब्रॉडगेज फलाटावर उभा असो की बार्शीच्या नॅरोगेज फलाटावर.

आपल्या गाड्यांचं मॉडेल करायचं तर ब्रॉडगेजच सोपं, असंही अनेकांना वाटतं. गणित नेमकं उलटं आहे. एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या विदेशी गेजवरून बेतलेला. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ८७ने भागलं की १९.३ येतात. समोरून पाहिलं की जवळजवळ ३ मिलिमीटरची ही तूट डोळ्यांत भरते. आता नॅरोगेजची बार्शी लाइट घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, गेज होतं ७६२ मिलिमीटर. भागाकार ८.७६. एन या एचओहून लहान स्केलच्या गाड्या ९ मिलिमीटर रुळावर धावतात, म्हणजे फरक उरला पाव मिलिमीटरचा! मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतलाही याच गेजची होती. माथेरानची मिनी ट्रेन मात्र ६१० मिलिमीटरची. तिला ७चा रूळ हवा; ९चा रूळ तिच्यासाठी फारच रुंद दिसतो.

बार्शीचं इंजिन दुकानात मिळत नाही, म्हणून हात आखडू नये. एन स्केलच्या इंजिनाचं वरचं कवच काढलं की मोटर, गिअर आणि चाकं असा सांगाडा हाती येतो. त्यावर प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापलेली एचओ मापाची केबिन आणि बॉयलर बसवायचा. या छंदातली खरी गोडी मला इथेच वाटते. एनचा रूळ मात्र जसाच्या तसा घेऊ नका. त्याचे स्लीपर १६० पटींच्या हिशेबाने बारीक आणि दाट असतात, त्यामुळे गाडी विजोड दिसते. जाड, विरळ स्लीपरांचा ९ मिलिमीटरचा रूळ पीको कंपनी वेगळा बनवते.

नॅरोगेजच्या मॉडेलला जागा कमी लागते, हे बऱ्याच अंशी खरं. चारचाकी छोटं इंजिन २३ सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर फिरतं. बार्शीच्या सुरुवातीच्या इंजिनांना मात्र आठ जोडचाकं होती. त्यांना मोठं वळण द्यावं लागेल.

इंजिन अडखळलं की नवखे लोक मोटरला दोष देतात. बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो, नाहीतर हलक्या वजनाचा. वीज रुळातून चाकांवाटे येते, आणि इथे चाकंच मोजकी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसा, बॉयलरमध्ये शिशाचा तुकडा ठेवा. तरीही गाडी सांध्यावरच थांबत असेल, तर रूळ एकमेकांना छेदतात तो भाग पाहा. तो प्लॅस्टिकचा असला की तिथे चाकाला वीज मिळत नाही. म्हणून वीज खेळवता येणारा, तिथे धातू असलेला सांधा पहिल्या खरेदीतच घ्यावा.