लेकरू बोलत नाही, पण सांगतं पुष्कळ

जुन्या बैलबाजारात सौदा कसा व्हायचा, हे वडीलधाऱ्या वाचकांना सांगायला नको. दोघे समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि आतल्या आत बोटे धरून हजारांची बोली ठरायची. तोंडातून एक शब्द नाही, तरी व्यवहार पक्का! त्या माणसांना कोणी मुके म्हटले नाही. पण आपल्याच वस्तीवरचे पाच वर्षांचे पोर भूक लागली की आईचे मनगट धरून तिला भाकरीच्या दुरडीपाशी ओढत नेते, तेव्हा मात्र आपण सहज म्हणून जातो, "त्याला काही कळत नाही हो, मुकं आहे ते."

असे पोर तुमच्या गावात आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज धरला तर साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल ऑटिझमचे असते. म्हणजे पिंपळगाव बसवंतसारख्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात आणि भोवतालच्या मळ्यांत अशी मुले बरीच निघतील. ती दिसत नाहीत, कारण दाखवली जात नाहीत. पाहुणे आले की आतल्या खोलीत, छाटणीची घाई सुरू झाली की खाटेला दोरीने बांधून. बांधणाऱ्या आईला निर्दय म्हणण्याची घाई करू नका. एका अंगाला मुंबई-आग्रा महामार्ग, दुसऱ्या अंगाला प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आणि हाक मारली तर मान न वळवणारे लेकरू. त्या माउलीने करावे तरी काय?

सरकारी कागदावर या अवस्थेला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण त्याने थोडा घोळही केला आहे. स्वमग्न म्हटले की वाटते, हे पोर आपल्याच नादात खूश आहे, त्याला कोणाशी बोलायचेच नाही. खरी गोष्ट तशी नाही. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. त्यामुळे आवाज, उजेड, स्पर्श आणि माणसांचे बोलणे या मुलांपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचते. बोलायचे असते, पण मार्ग सापडत नाही. हे वेड नाही, संसर्ग नाही, दृष्ट नाही, बाहेरचेही काही नाही. आईने लक्ष दिले नाही म्हणूनही होत नाही. एके काळी अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा आईलाच दोष देत. ते मत केव्हाच मागे पडले. लसीमुळे होते असे सांगणारा एक लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने रद्द केला. तेव्हा डोस चुकवू नका.

शेतकरी जोडप्याने वाट काढली

जगात ज्या मुलाची ऑटिझमचा पहिला रुग्ण म्हणून नोंद झाली, त्याला सावरण्यात एका शेतकरी जोडप्याचा मोठा वाटा होता. ही हकिकत आपल्या वाचकांनी जरूर वाचावी.

मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातला. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांत पहिला हा. अकरापैकी तीन मुले बोलतच नव्हती. बाकीची बोलत, पण ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणत. डोनाल्डला 'हो' म्हणायला शिकवावे म्हणून वडिलांनी विचारले, खांद्यावर घेऊ का? हवे असेल तर हो म्हण. पोर 'हो' म्हणाले. पण पुढे त्याच्या लेखी 'हो' या शब्दाचा अर्थ एवढाच झाला, मला खांद्यावर घ्या! शब्द आला, पण आपला अर्थ आला नाही.

१९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला गावापासून दहा मैलांवर, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या एका जोडप्याकडे ठेवले. मुलाला मोजमापाचे वेड होते, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला लावले. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर नांगर हातात देऊन म्हणाले, नांगरता नांगरता मोज. १९४५ मध्ये डॉ. कॅनर भेटायला गेले, तेव्हा डोनाल्डने त्यांच्यासमोर सहा लांब ओळी नांगरून दाखवल्या आणि घोडाही नीट वळवला. डॉक्टर त्या जोडप्याच्या शहाणपणाने थक्क झाले. त्यांनी मुलाचे वेड मोडले नाही, त्याला कामाला जुंपले. हाच डोनाल्ड पुढे कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९व्या वर्षी वारला. सगळ्यांचे इतके चांगले होते असे नाही. त्याच्या घरची सांपत्तिक स्थितीही बरी होती. पण गावाने त्याला गावात वावरू दिले, ही गोष्ट पैशाने मिळत नाही.

आपली मराठी त्याला कशी ऐकू येते?

पाहुणा निघताना म्हणतो, "बरंय, येतो." आणि जातो! आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. अशा मुलाला मात्र ते कोडे पडते. येतो म्हणाला आणि निघून गेला, मग दारात तासभर वाट बघत बसायचे. "डोकं खाऊ नको", "पोटात कावळे ओरडतायत" या बोलण्याने ते घाबरूसुद्धा शकते. "बघू" म्हणजे 'नाही', हे तर त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आई विचारते, "तुला पाणी पाहिजे?" पोर उत्तर देते, "तुला पाणी पाहिजे." घरातले हसतात किंवा चिडतात, कारण त्यांना वाटते नक्कल करतो. ते नक्कल करत नाही, पाणी मागते आहे. त्याने पाणी आणि ते वाक्य यांची गाठ मारून ठेवली आहे. दिवसभर आईजवळ असणारा मुलगा "मी येते, मी जेवते" असे बोलतो. लहानपणी कित्येक मुलगे तसे बोलतात आणि लवकरच सुधारतात, पण याचे कधी कधी वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यावरून शाळेत चिडवणे सुरू होते. गुरुजी, ते आधी थांबवा. त्याला रागावण्याऐवजी त्याच्या वतीने बरोबर वाक्य म्हणून दाखवा, "मला पाणी पाहिजे", आणि लगेच पाणी द्या.

बोलताना वाक्य आखूड ठेवा. "चप्पल घाल. मळ्यात जायचंय." एवढे पुरे. मग थांबा. मनात दहा मोजा. आपल्याला दहापर्यंत थांबायची सवय नसते, तिसऱ्या आकड्यालाच आपण दुसरा प्रश्न टाकतो आणि पोराचा पहिला धागा तुटतो. एका वस्तूला घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. आजीने 'दूध', आईने 'दुदू' आणि काकाने 'मिल्क' असे नको. "माझ्या डोळ्यांत बघ" असा हट्टही नको. काही मुलांना बघणे आणि ऐकणे एकदम जमत नाही.

चित्रांचा उपयोग फार होतो. भाकरी, पाणी, संडास, झोप, दुखतंय, नको अशा आठ-दहा गोष्टींचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि त्याच्या हाताला लागतील असे टांगा. त्याने पाण्याचे चित्र आणून दिले की पाणी लगेच मिळाले पाहिजे. 'नको'चे चित्र विसरू नका. ज्याला नको म्हणता येत नाही, तो चावतो किंवा डोके आपटतो. चित्रांमुळे बोलणे कायमचे राहून जाईल ही भीती घरोघर असते. अभ्यासकांचा अनुभव तसा नाही. उलट कित्येक मुलांना चित्रांमागून शब्द येतात. मोबाईल असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' नावाचे अॅप आहे. चित्रावर बोट ठेवले की ते बोलते. मराठीतही आहे आणि फुकट आहे.

इंग्रजी शाळेत घातले म्हणून घरात मराठी बंद करा, असा सल्ला काही पालकांना मिळतो. तो मानू नका. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम वाढत नाही. आणि आई ज्या भाषेत अंगाई म्हणते ती काढून घेतली तर दोघांमध्ये उरते काय? पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर येणाऱ्या कुटुंबांची बोली वेगळी, कळवण-सटाण्याकडची अहिराणी वेगळी. अंगणवाडी ताईंनी मूल 'प्रतिसाद देत नाही' अशी नोंद करण्याआधी, घरी कोणती बोली चालते ते एकदा विचारून घ्यावे.

कधी धावपळ करायची?

"याचा आजाही उशिराच बोलला" हे वाक्य आपल्याकडे फार चालते. त्यात कित्येक मुलांची दोन-तीन मोलाची वर्षे जातात. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, बडबड करत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना स्वतःचे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले बोलणे गेले असेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथकाने तपासणी करायची असते. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. पथकाने नुसते वजन-उंची घेऊन जाऊ नये, ताईंनी अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवावीत.

दाखल्यासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यांतले नऊ प्रश्न बोलण्या-संवादाचे आहेत. उत्तरे द्यायची असतात आईने, आणि साहेबांपुढे आई गडबडते. म्हणून पोर काय काय करते, केव्हापासून करते, हे आधी वहीत लिहून न्या. लिहिता येत नसेल तर आशाताईंनी लिहून द्यावे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते; २०१६ च्या कायद्याने ते एकवीस अपंगत्वांत आले. दाखला मिळाला की सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे. जवळच्या शाळेने "हे पोर आमच्याकडे नको" म्हणणे कायद्यात बसत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमाही मिळतो.

हे सगळे मुंबई-पुण्याचे काम आहे असे समजू नका. पिंपळगावहून तासाभराच्या वाटेवर नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये 'प्रबोधिनी' ही मतिमंद मुलांची शाळा काढली. पोटचा मुलगा तसा होता, त्याच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून शिक्षिका असलेल्या आईने स्वतः सुरू केली. ऑटिझम आणि मतिमंदत्व एक नव्हे, पण दोन्ही एकाच मुलात असू शकतात. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बारुआ यांनी 'अॅक्शन फॉर ऑटिझम' उभी केली, त्याही अशाच मुलाची आई. आया पुढे आल्या तेव्हाच आपल्याकडे कामे उभी राहिली, असे दिसते.

सातबारा आणि अंगठा

पोर मोठे होते. मग गावचा सल्ला असतो, "लग्न करून टाका, सुधरेल." कोण सुधारणार, आणि कोणाच्या मुलीच्या जिवावर? लपवून केलेले लग्न दोन घरांना बुडवते. काम मात्र जरूर द्या. बाजार समितीत हंगामात टोमॅटोच्या लिलावाचा गलका, ट्रॅक्टरचे भोंगे, हे त्याला सोसवणार नाही. पण घरच्या शेडमध्ये क्रेट मोजून थप्प्या लावणे, ठरल्या वेळी ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवणे यात काहीजण पक्के तरबेज होतात. ब्लोअर सुरू करण्याआधी त्याला सांगा, आणि काम बदलायचे असेल तर आदल्या दिवशी.

तलाठी भाऊसाहेब आणि सरपंचांनी एक बाब ध्यानात घ्यावी. वडील गेले, वारस लागले, आणि न बोलणाऱ्या भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला, हे प्रकार होतात. त्याला समजेल अशा रीतीने न सांगता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. २०१६ च्या कायद्याने त्याचा मालमत्तेचा व वारसाचा हक्क इतरांइतकाच आहे. शिवाय मदत करणाऱ्याचाच त्या व्यवहारात लाभ असेल, तर त्याने त्या व्यवहारात मदतनीस म्हणून राहू नये, असेही त्यात म्हटले आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी असतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. आईबाप हयात असतानाच हे करून घ्या.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. एरवी मार्चअखेरीला त्यातून काहीबाही वाटप होते. त्याऐवजी अंगणवाडीत आणि शाळेत चित्रांचे तक्ते करता येतील. बहुतेक शेततळ्यांना कुंपण नसते, आणि या मुलांना पाण्याची ओढ फार. कागदावरून पाय घसरला की चढता येत नाही, आणि हे लेकरू हाकही मारणार नाही. ज्यांचे तळे आहे त्यांनी जाळी मारावी, आत दोराला बांधलेल्या ट्यूब सोडाव्यात. आणि वस्तीवर असे मूल असेल तर शेजारच्या चार मळ्यांत त्याचे नाव, त्याचा फोटो आणि ते कशाने थांबते हे सांगून ठेवावे. कोणी गाण्याने थांबते, कोणी गुळाच्या खड्याने, कोणी नुसते समोर बसल्याने. हे त्याच्या आईला ठाऊक असते, तिला विचारा.