ना. म. जोशी आणि बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च

खासगी सदस्याचे विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सभासदाने स्वतःच्या जबाबदारीवर सभागृहात मांडलेला कायद्याचा मसुदा, आपल्याकडे क्वचितच संमत होते. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी चौदा विधेयके कायद्याच्या पुस्तकात गेली आणि १९७० नंतर तर एकही नाही. त्यावरून असे मसुदे मांडणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असा निष्कर्ष सहज काढला जातो, परंतु तो घाईचा आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले आणि पुढच्याच वर्षी फेटाळले गेलेले प्रसूती-साहाय्य विधेयक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे, कारण बाळंतिणीच्या विश्रांतीचा खर्च कोणी सोसायचा, हा त्याने विचारलेला प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही.

जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात ते १९०९ मध्ये दाखल झाले, १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातील रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांच्या कामातून कामगारांच्या घरापर्यंत पोहोचले. कामगारांना मताधिकार नसल्याने मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचा प्रतिनिधी सरकारने नेमायचा, अशी १९१९ च्या सुधारणांनंतरची व्यवस्था होती, आणि त्या नात्याने जोशी १९२१ पासून दोन दशकांहून अधिक काळ तेथे बसले. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्याच कलाने बोलेल ही अपेक्षा त्यांनी पहिल्याच वर्षी खोटी ठरवली: कामगार संघांना कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये आणला आणि त्यातून १९२६ चा कामगार संघ कायदा आकाराला आला.

प्रसूतीच्या प्रश्नाचे मूळ मात्र १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या या पहिल्याच परिषदेत जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. कामकरी स्त्रीला बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर सहा आठवडे सुटी मिळावी आणि त्या काळातील तिच्या निर्वाहाची रक्कम सरकारी निधीतून किंवा विमा योजनेतून दिली जावी, असा करार तेथे झाला. भारत सरकारला मात्र या विषयाचा अभ्यास करून अहवाल द्यावा, एवढीच विनंती करण्यात आली. अभ्यास झाला. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करण्यासाठी एका स्त्री डॉक्टरची नेमणूक झाली आणि त्या पाहणीतून जे पुढे आले ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते.

गिरणीतील बहुतेक स्त्रिया वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांत, नायकिणीच्या, म्हणजे स्त्री मुकादमाच्या, हाताखाली, कामाच्या मापावर मजुरी घेत. जेवढे सूत गुंडाळले जाईल तेवढेच पैसे पदरात पडत असल्याने दिवस भरत आले तरी काम सोडणे परवडत नसे आणि बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर परतावे लागे. घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ दिली जाई, आणि ही चाल एखाददुसऱ्या घराची नव्हती, जवळजवळ सर्वांची होती. १९२१ मध्ये मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यूंची नोंद झाली. हा आकडा जसाच्या तसा घेणे बरोबर नाही, कारण अनेक स्त्रिया बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर गावी जात, त्यामुळे जन्म गावी व्हायचा आणि मृत्यूची नोंद मात्र शहरात. तरीही या त्रुटीचा हिशेब धरल्यावर उरते तेही कमी भयंकर नाही.

जोशी यांच्या विधेयकात कारखाने, खाणी आणि आसामकडील चहाचे मळे या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांचा विचार होता. बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास बंदी, त्याआधी सहा आठवडे सुटी घेण्याचा तिला हक्क, आणि या काळातील साहाय्य प्रांतिक सरकारांनी उभारायच्या प्रसूती-निधीतून, असा त्याचा गाभा होता. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात साहाय्य एखाद्या मालकाच्या मर्जीशी किंवा खिशाशी बांधलेले नव्हते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, स्त्रिया बाळंतपणाला गावी जातातच, दाखले देण्यास पुरेशा स्त्री डॉक्टर नाहीत, अशी मागणी खुद्द स्त्रियांनी केलेली नाही, सबब हा कायदा अकाली आहे. गावी जाणारी स्त्री तेथे काय खाते, हा प्रश्न या युक्तिवादात कोठेच येत नव्हता. १९२५ च्या ऑगस्टमध्ये विधेयक फेटाळले गेले.

परंतु तोवर प्रांतिक सरकारांची आणि मालकांच्या संघटनांची मते लेखी घेतली गेली होती, आक्षेप नोंदले गेले होते आणि त्यांना उत्तर कसे द्यायचे हेही स्पष्ट झाले होते. दिल्लीत अडलेले काम मुंबईत पुढे सरकले. मुंबईच्या विधिमंडळात रा. सि. आसवले यांनी १९२८ मध्ये प्रसूती-साहाय्य विधेयक आणले. त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मातेला त्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे आणि म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, तथापि स्त्रियांच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता येत नाही, अशी बाजू मांडली. १९२९ मध्ये संमत झालेला कायदा यापेक्षा अरुंद निघाला: बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे, म्हणजे पुरते सात आठवडे धरले तर साडेचोवीस रुपये, आणि तेही सर्वस्वी मालकाने द्यायचे. तरीही अशा प्रकारचा हा देशातला पहिला कायदा होता. १९३० मध्ये मध्य प्रांताने आणि पुढे मद्रास, संयुक्त प्रांत, बंगाल यांनी तसेच कायदे केले, तर खाणकामगार स्त्रियांसाठी १९४१ मध्ये मध्यवर्ती कायदा झाला.

मालकावर संपूर्ण भार टाकण्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. लग्न झालेल्या स्त्रीला कामावर घेण्यास टाळाटाळ, साहाय्याला पात्र होण्यासाठी लागणारे नोकरीचे महिने भरण्याआधीच तिला कमी करणे, अशा तक्रारी वाढल्या. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढच्या काळात घटत गेले, त्याचे सगळे खापर या कायद्यावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण रात्रपाळीवरील बंदी आणि नवी यंत्रे यांचाही त्यात मोठा वाटा होता. मात्र जे साहाय्य स्त्रीला आधार म्हणून दिले तेच तिला नोकरी नाकारण्याचे कारण होऊ शकते, हा धोका या अनुभवातून निर्विवाद सिद्ध झाला. जोशी यांनी सुचवलेल्या निधीचे महत्त्व येथे कळते. निधी सामाईक असला की एखाद्या मालकाकडे किती स्त्रिया कामाला आहेत यावर त्याचा खर्च ठरत नाही, आणि स्त्रीला टाळून त्याला काही वाचवताही येत नाही.

हे तत्त्व १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने स्वीकारले. मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून आजारपण, अपघात आणि बाळंतपण या तिन्ही प्रसंगी पैसे मिळण्याची ही योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. परंतु तिची व्याप्ती ठरावीक आस्थापनांपुरती आणि वेतनाच्या मर्यादेपुरती राहिली, आणि तिच्या बाहेरच्या स्त्रियांसाठी १९६१ चा प्रसूती-लाभ कायदा पुन्हा मालकाच्याच खिशाकडे वळला. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी सुटी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, ही स्वागतार्हच गोष्ट आहे. मात्र त्या सव्वीस आठवड्यांचे वेतन एकट्या मालकाने द्यायचे असल्याने लहान आस्थापनांपुढे १९२९ चाच मोह नव्याने उभा राहिला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात सामान्यतः असा थेट खर्च एकट्या मालकावर टाकू नये असे म्हटले आहे, पण भारताने तो करार स्वीकारलेला नाही.

ज्यांना मालकच नेमका सांगता येत नाही अशा स्त्रियांची अवस्था तर याहून वाईट आहे. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे जोडपे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत दोघांचे श्रम बांधलेले असतात आणि एखादा दिवस काम चुकले तर ‘खाडा’ लागून पैसे कापले जातात. पोटुशी बाई फडात मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते ती याच हिशेबामुळे. बीड जिल्ह्यात हजारो ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे आले, तेव्हा या खाड्याची सर्वत्र चर्चा झाली. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम स्वतःला मालक मानत नाही, त्यामुळे मालकावर भार टाकणारा कोणताही कायदा, त्यात कितीही आठवडे लिहिले तरी, या फडापर्यंत पोहोचू शकत नाही. निधी पोहोचू शकतो. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये आणि तेवढीच रक्कम राज्य सरकारकडून घेण्याची योजना महाराष्ट्राने आखलेली आहे. त्या पैशातून गरोदर आणि बाळंत स्त्रीला हंगामातील बुडालेली मजुरी आठवड्याच्या हिशेबाने देण्याची तरतूद करण्यास कोणतीही नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही, आणि ती तरतूद करणारे विधेयक मुंबईच्या विधानभवनात कोणताही सदस्य मांडू शकतो.