मुंबईकर भावाचा हिस्सा आणि तुकडेबंदी कायदा

लालबाग, परळ, गिरगाव, दादर येथील अनेक कुटुंबांची नावे आजही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांतील सातबाऱ्यावर आहेत. एक भाऊ गिरणीत गेला, दुसऱ्याने गावची जमीन कसली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढची पिढी मुंबईतच स्थिरावली. हिस्सा मात्र राहिला. गणपतीला किंवा शिमग्याला मंडळी गावी आली की वाटणीचा विषय निघतो. अशा वेळी कायद्याची माहिती नसल्यास पैसा वाया जातो आणि भावकीत वितुष्ट येते.

तुकडे का नकोत?

पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ साली सुमारे ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. तुकडा लहान झाला की बांधात जमीन जाते, औताला वळण मिळत नाही आणि विहिरीचा खर्च परवडत नाही. एका चौरस एकराचे चार सारखे भाग करून मध्ये तीन फुटी बांध घातले, तर एक गुंठ्याहून अधिक जमीन बांधाखालीच जाते.

कायदा काय सांगतो?

मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्यात प्रत्येक भागासाठी 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरविले जाते. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागांत ते जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे ठरले. त्याहून लहान तुकडा पडेल अशी विक्री अथवा वाटणी करता येत नाही. तसा व्यवहार निरर्थक ठरतो.

उदाहरणार्थ, तीन भावांत ३० गुंठे बागायत असेल, तर प्रत्येकी १० गुंठे वेगळे होऊ शकतात. तीच जमीन जिरायत असेल, तर तीन तुकडे पडणार नाहीत.

मग मुंबईकराचा हक्क बुडतो काय?

नाही. हा कायदा जमीन तोडण्यास आडवा येतो, वारसाहक्कास नव्हे. यासाठी पुढील मार्ग आहेत.

१) वारसनोंद वेळेवर करून खाते सामाईक ठेवावे. कसणाऱ्याने उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी द्यावा.

२) कसणाऱ्या भावाने योग्य मोबदला देऊन हिस्सा घ्यावा व हक्कसोडपत्र नोंदणीकृत करावे. न्यायालय किंवा जिल्हाधिकारी यांच्यामार्फत वाटणी होताना तुकडा पडत असेल, तर त्या हिस्सेदारास पैशात भरपाई देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

३) पूर्वीपासूनचा तुकडा विकायचा झाल्यास लगतच्या खातेदारास विकावा.

विहीर, शेतरस्ता व ग्रामीण घरकुल यांसाठी लहान क्षेत्राच्या व्यवहारास जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने सवलत मिळते. शहरी व बिगरशेती क्षेत्रांतील जुन्या तुकड्यांनाही अलीकडे सवलती मिळाल्या आहेत. त्या शेतीच्या जमिनीस लागू आहेत असे समजू नये.

कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या तोंडी बोलीवर दोन-चार गुंठे विकू नयेत व घेऊही नयेत. कोणताही व्यवहार करण्यापूर्वी तलाठ्याकडून ताजा सातबारा घ्यावा, जमीन जिरायत की बागायत ते पाहावे आणि तहसील कार्यालयात चौकशी करूनच वाटणीला बसावे.