सेनापतीच्या पावत्या

शेतकऱ्याच्या घरी कागद कुठे सापडेल याचा नेम नसतो. काही ट्रंकेत, काही कॅलेंडरच्या खिळ्याला, तर काही बंडीच्या खिशात धुऊन निघालेले. बियाणे उगवले नाही म्हणजे पावतीची शोधाशोध सुरू होते. आपले म्हणणे कितीही खरे असो, कागद हाताशी नसला की ते सिद्ध करणे किती जड जाते, हे अमेरिकेतील एका सेनापतीच्या चरित्रावरून चांगले समजते. त्याचे नाव जॉर्ज रॉजर्स क्लार्क.

मोजणीदाराचा झाला सेनापती

क्लार्कचा जन्म 19 नोव्हेंबर 1752 रोजी व्हर्जिनिया प्रांतात झाला. त्याचा धंदा जमीन मोजणीचा. ओहायो नदीच्या काठची नवी जमीन मोजत तो सरहद्दीवर फिरत असे. पुढे अमेरिकेतील 13 वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढा पुकारला. तेव्हा पश्चिम सरहद्दीवरील इंग्रजांची ठाणी घेण्याचे काम व्हर्जिनिया सरकारने या पंचविशीतल्या तरुणावर सोपवले.

जुलै 1778 मध्ये त्याने सुमारे 175 माणसांनिशी कॅस्कॅस्किया हे गाव एका रात्रीत घेतले. डिसेंबरमध्ये इंग्रज अधिकारी हॅमिल्टन याने व्हिन्सेन्सचा किल्ला पुन्हा जिंकला. हिवाळ्यात कोणी चाल करणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पण क्लार्क फेब्रुवारी 1779 मध्ये सुमारे 170 लोक घेऊन निघाला. नद्यांना पूर आलेले, कडाक्याची थंडी, शिधा संपलेला. कमरेइतक्या, कुठे खांद्याइतक्या पाण्यातून सुमारे 180 मैल कापून ही माणसे किल्ल्यापाशी पोहोचली आणि 25 फेब्रुवारीला हॅमिल्टनने किल्ला सोडला.

या पराक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही भूमी शॉनी आणि इतर मूळ रहिवासी जमातींची होती. 1780 आणि 1782 च्या स्वाऱ्यांत क्लार्कच्या फौजेने शॉनी लोकांची गावे जाळली आणि त्यांचा शेकडो एकर उभा मका नष्ट केला. हाती येऊ घातलेले पीक असे जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

सही सरकारसाठी, देणे स्वतःचे

फौज म्हटली की पीठ, मांस, मीठ, कापड, दारूगोळा सगळेच लागते. व्हर्जिनियाचा खजिना रिकामा होता, आणि तिथल्या कागदी चलनाची किंमत दिवसेंदिवस घसरत होती. मग क्लार्कने व्यापाऱ्यांकडून माल उधारीवर उचलला आणि कागदांवर स्वतःची सही केली. फ्रान्सिस व्हिगो आणि न्यू ऑर्लिन्सचा ऑलिव्हर पोलॉक या व्यापाऱ्यांनी त्याच्या शब्दावर आपली पुंजी मोकळी केली. लढाई सरकारची आहे, तेव्हा पैसे सरकार देईल, असा सर्वांचा भरवसा होता.

युद्ध संपले आणि हिशेबाची वेळ आली. क्लार्कने खर्चाच्या पावत्या राजधानी रिचमंडला पाठवल्या होत्या, पण दप्तरात त्या सापडेनात. व्हर्जिनियाने काही देणी मान्य केली, बरीचशी नाकारली. घेणेकरी मात्र सही करणाऱ्याच्या दारात उभे राहिले. क्लार्क व त्याच्या सैनिकांना मिळून 1,50,000 एकर जमीन बक्षीस मिळाली होती आणि त्यात त्याचा वाटा 8 हजार एकरांवर होता. पण घेणेकऱ्यांच्या धास्तीने त्याला आपल्या जमिनी नातलगांच्या नावे कराव्या लागल्या. धाकटा भाऊ विल्यम, जो पुढे लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेमुळे प्रसिद्धीस आला, त्याने भावाची देणी फेडण्यासाठी स्वतःची मालमत्ता विकली.

1809 मध्ये क्लार्कला पक्षाघाताचा झटका आला. तो चुलीच्या विस्तवात पडला, पाय भाजला आणि अखेर कापावा लागला. बहीण ल्यूसी हिने त्याला आपल्या घरी नेऊन सांभाळले. 1812 मध्ये व्हर्जिनियाने त्याला एक तलवार आणि वर्षाला 400 डॉलर पेन्शन दिली. 13 फेब्रुवारी 1818 रोजी तो वारला. व्हिगोही 1836 मध्ये गरिबीतच गेला. त्याच्या वारसांना मूळ 8 हजारांवर डॉलरचे व्याजासह सुमारे 50 हजार डॉलर मिळाले, ते 1876 मध्ये कोर्टाच्या निकालानंतर.

कागद जमवणारा माणूस

क्लार्कचे चरित्र लिहायचे, असा ध्यास लायमन ड्रेपर या गृहस्थाने घेतला होता. हजारो मैल प्रवास करून त्याने म्हाताऱ्या सैनिकांच्या आठवणी टिपून घेतल्या, जुनी पत्रे आणि टिपणवह्या मिळवल्या. जवळजवळ 500 खंड भरतील इतके कागद जमले. पण आणखी एक कागद मिळू दे, मग लिहू, असे करता करता 1891 मध्ये तो वारला आणि चरित्र राहूनच गेले. त्याचा ठेवा विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत सुरक्षित राहिला, म्हणून पुढच्यांना काम करता आले. प्राध्यापक जेम्स आल्टन जेम्स यांनी क्लार्कचे कागद 1912 आणि 1926 साली दोन खंडांत छापले आणि 1928 मध्ये त्याचे चरित्र लिहिले.

मधल्या काळात, 1913 मध्ये, रिचमंडच्या सरकारी हिशेब कचेरीच्या माळ्यावर जुन्या कागदांचे सुमारे 70 गठ्ठे निघाले. त्यांत हजारो पावत्या होत्या, आणि त्या क्लार्कच्या होत्या! ज्यांच्यापायी हा माणूस कर्जात बुडाला, त्या पावत्या सरकारच्याच घरात पडून होत्या. क्लार्कला जाऊन तेव्हा 95 वर्षे झाली होती. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे.

आपल्या घरासाठी

आपण कुणी किल्ले जिंकायला निघालेलो नाही. पण सही आपणही करतो आणि कागद आपणही देतो. म्हणून चार गोष्टी घरात सर्वांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, मूळ कागद कुठल्याही कचेरीत देताना त्याची नक्कल घरी ठेवावी आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्यावी. दुसरी, बियाण्याची पावती, पिशवी आणि तिच्यावरील खूणचिठ्ठी पीक हाती येईपर्यंत जपावी, तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो. तिसरी, कर्ज फिटले की येणे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की नाही ते स्वतः पाहावे. चौथी, जामीन राहताना नीट विचार करावा. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर जामीनदाराकडून ते वसूल होऊ शकतात. भिडेपोटी केलेली सहीसुद्धा सहीच असते.

हे कागद एका पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वाळवी लागणार नाही अशा जागी ठेवावेत. कोणता कागद कुठे आहे हे घरच्या लक्ष्मीला आणि कळत्या मुलांनाही ठाऊक असावे. कर्त्या माणसाच्या मागे त्यांनाच ही पेटी उघडावी लागते.