सायकलस्वार पडला, नोंद कुठे झाली?

मी फरीदाबादहून बोलतोय. इथे मथुरा रोडवर, म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर, कारखान्यातले कामगार सायकलने कामाला जातात. कुणी पडला, गुडघा फुटला, तरी तो उठून ड्यूटी गाठतो. पोलिसांत कशाला जाईल? सरकारी व्याख्येप्रमाणे 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले, तरच तो ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे आधी रक्त, मग दुरुस्ती! म्हणून छोटे अपघातही लिहून ठेवा: नेमकी जागा, वेळ, धडकलेलं वाहन, खड्डा होता की अंधार. जखमीचं नाव, फोन नंबर नको. ही यादी सर्वांसाठी खुली ठेवा, नकाशावर मांडा. एकाच वळणावर चार खुणा दिसल्या, की नकाशासकट महामार्ग प्राधिकरणाकडे अर्ज करा. पाचव्याची वाट कशाला पाहायची?